पुढं नाव नसलेली हाक

३ मार्च, सोमवार

पोचले. आधी नातीचं सांगते, बाकीचं मागून. नाव राजनंदिनी ठेवलंय. एवढंसं लेकरू अन् एवढं लांब नाव, मी आपली नंदूच म्हणणार. मला पाहून हसली. हरिओम, म्हणजे माझा ल्योक, म्हणला, माय, ती पंख्याकडं बघून बी अशीच हसते. म्हणू दे. पंख्याकडं बघून हसणं अन् आजीकडं बघून हसणं यातला फरक बापाला कळत नसतो.

केदारखेड्याहून निघताना गल्लीतल्या बाया म्हणल्या, जयवंताबाई, जालन्यात तुमचा जीव रमायचा न्हाई. म्हणलं, मी जीव रमवायला न्हाई, नात खेळवायला चालले. एसटीत खिडकी मिळाली. राजूरच्या गणपतीला बसल्या जागेवरून हात जोडले. बाजूची बाई म्हणली, उतरून जावं ना. म्हणलं, देवाला माहीत आहे मला कशाची घाई आहे ते.

घर अंबड रोडच्या बाजूला, भाड्याचं पण चांगलं. आधी दुसरे लोक राहायचे, ते मागच्या साली सोडून गेले. पुढं गेट, मागं मोकळी जागा, एक कडुनिंब अन् धुण्याचा दगड. मागची खोली गार आहे, कूलर तिथंच, छताला कडी बी तिथंच, म्हणून पाळणा तिथं टांगलाय. हरिओम बियाण्याच्या कंपनीत आहे, गावोगाव हिंडतो. सून अर्पिता वरच्या खोलीत संगणकावर नोकरी करते. तिची बाळंतपणाची रजा संपली म्हणून मला बोलावलं. मनात म्हणलं, बघा, लागते की नाही म्हातारी!

ही वही तिनंच दिली. म्हणली, आई, तुम्ही दिवसभर बोलता अन् मला मीटिंगमधी ऐकता येत न्हाई, तर लिहून ठेवत जा, मी सवडीनं वाचीन. माझी शाळा चौथीपर्यंत. पण अक्षर गोल आहे, गुरुजी म्हणायचे. वही लहान आहे, कमरेला खोचता येते. तीच चांगली गोष्ट.

५ मार्च, बुधवार

आज डब्याचं सांगते. फ्रिजवर एक काळा डबा आहे, पानसुपारीच्या डब्याएवढा. अर्पितानं स्वतः बनवला. त्याला चार तारा. एक गेटची, एक पाण्याच्या टाकीची, एक गॅसची, एक पाळण्याची. कुठंबी काही झालं की डबा अर्पिताच्याच आवाजात हाक मारतो. आजी, गेट. आजी, टाकी. नंदू जागी होऊन हलली की, आजी, पाळणा. तिनं शब्द सुटे सुटे बोलून ठेवलेत. आधी आजी, मंग ज्याची तार हलली त्याचं नाव.

अन् मी काय करायचं, तर मोठ्यानं ओ म्हणायचं. मला बटणं जमत न्हाईत म्हणून तिनं असं केलं. ओ म्हणलं की डब्याला कळतं, आजीला पोचलं, अन् तो गप बसतो. न्हाई म्हणलं तर हाका मारतच राहतो. हरिओमला लहानपणी शंभर हाका मारल्या तरी ओ देत नव्हता, अन् आता त्याच्या घरातला डबा माझ्या एका ओ वर गप होतो. मला तर लई मजा वाटली. दुपारी काही झालं नव्हतं तरी मी सहज ओ म्हणून बघितलं. डबा काही बोलला न्हाई. शहाणा आहे.

८ मार्च, शनिवार

मजा गेली. कारल्याच्या—

आले. गेट होतं. कुरिअरवाला घर चुकला होता.

कारल्याच्या भाजीचं सांगत होते. हरिओमला लहानपणापासून कारलं—

आले. टाकी भरली होती, मोटर बंद केली.

कारल्याचं ऱ्हाऊ द्या आता.

जीव नुसता वैतागून गेलाय. गावाकडं बी काम होतं, पण म्हैस काही नाव घेऊन बोलावत न्हाई. इथं भाकर थापायला घेतली की गेट, नंदूचं तेल कोमट करायला ठेवलं की टाकी, जरा पाठ टेकली की गॅस. गॅसवर काही नव्हतं, कांद्याच्या फोडणीचा वास लागला म्हणे डब्याला. एक काम धड होईना. जेवताना मी अर्पिताला सगळं सुनावलं. म्हणलं, बाई, तुझ्या डब्यानं माझा बैल केलाय.

तर ती हसली अन् जेवण सोडून सांगत बसली. तिची नोकरीच ही आहे म्हणे. संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्याचे हात एका वेळी एकच काम करतात, पण अवतीभवतीची सगळी यंत्रं त्याला हाका मारतात अन् कुणालाच दम नसतो. हाक आली की तो हातातलं काम आहे तिथं थांबवतो. कुठं थांबलो ते टिपून ठेवतो. मंग तार कुठली ते बघतो, त्या तारेपुढं यादीत ज्याचं नाव असंल त्याला उठवतो. तो आधी पोच देतो. तेवढ्यापुरत्या दुसऱ्या हाका दाराबाहेर थांबवायच्या, निकडीचं तेवढं उरकायचं, राहिलेलं मागून सवडीनं. अन् परत येऊन जिथं थांबला होता हुबेहूब तिथून पुढं. ज्याचं काम थांबवलं होतं त्याला कळतसुद्धा न्हाई, म्हणली, की मधी कुणी उठून गेल्तं.

मी म्हणलं, टिपून तर मी बी ठेवते. पदर दाखवला. हाक आली की उठताना पदराला गाठ मारायची. परत आलं, गाठ हाताला लागली की आठवतं, अगं, मी तर तांदूळ निवडून राह्यले होते. मंग गाठ सोडायची अन् काम पुढं. आमच्याकडच्या सगळ्या बाया असंच करतात. अर्पितानं तर टाळ्याच वाजवल्या. म्हणली, आई, तुम्हाला आमच्या कंपनीत घेते. हरिओम म्हणला, नको गं, मायला घेतलं तर कंपनीत काम कोण करील, सगळे गप्पाच ऐकत बसतील. मेला. पण अर्पितानं लगेच आपल्या ओढणीला गाठ मारून बघितली अन् गाठीकडं बघत बघत वर गेली. गुणाची आहे.

१२ मार्च, बुधवार

आज दुपारी एक गंमत झाली. गंमत म्हणजे काय, मला काही आवडली न्हाई.

शेंगदाणे भाजून राह्यले होते. डबा म्हणला, आजी. अन् पुढं काहीच न्हाई. मी उलथणं धरून उभी, की आता नाव येईल, मंग येईल. पुन्हा म्हणला, आजी. पुढं बोलणं तुटल्यागत. गेटला गेले, कुणी न्हाई. टाकी अर्धी. नंदू गाढ झोपलेली, मूठ तोंडात. डबा आपला, आजी. आजी.

मी ओ दिली न्हाई. आमच्याकडं हाक मारणारा दिसला न्हाई अन् त्याचं नाव कळलं न्हाई तर ओ देत न्हाईत, शेतात असो की घरात. सासूबाईंनी पहिल्याच साली बजावलं होतं. माणूस असंल तर समोर येईल, म्हणायच्या, तू कशाला उठून जाती. थोड्या वेळानं डबा आपणहून गप झाला. शेंगदाणे करपले.

अर्पिता म्हणली, पाळण्याची तार मागच्या खिडकीतून बाहेर काढलीय, निंबाखालून भिंतीनं जाते अन् सैपाकघराच्या खिडकीतून आत येते. उन्हानं तापत असंल, न्हाईतर चिमणी बसत असंल. तार हलली की डबा पाळण्याला विचारतो, तुझं काम होतं का. पाळणा म्हणतो, माझं न्हाई. मंग त्या तारेवर दुसरं कुणी न्हाईच. म्हणून नाव येत न्हाई. हरिओम म्हणला, मी वेगळी चांगली तार आणतो. आणतो म्हणला.

शेजारची प्रेमला भिंतीवरून वाटी द्यायला आल्ती, तिला सांगितलं. ती म्हणली, तुमच्या आधी इथं सोनूबाई होत्या, त्या बी नातवासाठीच आल्त्या. अशा बोलायच्या की कान दुखायचे, तुमच्यासारख्याच. मी म्हणलं, वा गं. मंग मागच्या उन्हाळ्यात एकाएकी गप झाल्या, म्हणली. काम सगळं बराबर करायच्या, बोलावलं की यायच्या, पण आपणहून शब्द न्हाई. त्यांचा ल्योक त्यांना घेऊन वाटूरला गेला. म्हणलं, थकल्या असतील बिचाऱ्या. सारख्या हाका ऐकून माणूस गप बी होतं.

१७ मार्च, सोमवार

आजचं जसं झालं तसं लिहिते.

चार दिवस झाले, ती बिननावाची हाक सारखीच येऊन राह्यली होती. आधी दुपारची, मंग सकाळची बी. आजी. आजी. आजी. दुसऱ्या कुठल्या हाकेला जागाच न्हाई. दूधवाला गेटवर उभा राहून निघून गेला. टाकी भरून वाहिली, प्रेमलाच्या अंगणात पाणी. अर्पिता म्हणली, कर्नलचं बी असंच होतं कधी कधी, नुसत्या हाकाच घेत बसतो अन् खरं काम उभं राहतं. म्हणलं, कर्नलचं ऱ्हाऊ दे, माझं सांग. मी अशी चिडले होते की डब्यावर उशी टाकली.

आज डबा एकाएकी गप झाला. बिलकुल गप. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. निवांत भाकरी केल्या, ठेचा वाटला, गाणं बी म्हणले. सगळं झाल्यावर मनात आलं की नंदू आज लई वेळ झोपली. सहज बघायला मागं गेले.

लेकरू रडून रडून निळं पडलं होतं. चादर तोंडावर आल्ती. आवाज बसलेला, नुसतं तोंड उघडं. पाळणा हलून राह्यला होता, सारखा हलून राह्यला होता, अन् डबा गप.

मी उचललं, पाठ चोळली, मंग श्वास घेतला तिनं. अर्पिता जिना उतरून आली ती रडतच. नंतर संगणकात बघितलं. त्यात एक ओळ लिहून आल्ती. तिनं मला मराठीत सांगितली. या तारेवरच्या हाकांची कुणीच दखल घेतली न्हाई, म्हणून तार बंद केली. डब्याच्या पोटात बी कर्नलच आहे, अन् तो असंच करतो म्हणे. एखादी हाक लई वेळा आली अन् कुणीच माझी म्हणत न्हाई, तर तो समजतो तार बिघडली, अन् अख्खी तार तोडतो. त्या तारेवर दुसरं कुणी खरंखुरं ओरडत असंल तर त्याचं बी मुकं होतं.

मी म्हणलं, पाळणा वर घे. वरची खोली पत्र्याखाली, भट्टी नुसती. म्हणलं, मीच पाळण्यापाशी बसून राहते, मला हाका नकोत, माझे डोळे आहेत. ती म्हणली, आई, ती बी एक पद्धत असते, सारखं जाऊन बघत राहायचं, पण मंग दुसरं काहीच होत न्हाई. मंग नवी तार येईपर्यंत काय? तर कुणीतरी त्या हाकेला माझी म्हणायला पाहिजे. यादीत त्या तारेपुढं पाळण्याच्या खाली अजून एक नाव पाहिजे. ते नाव हाक आपली म्हणील, मंग तार तुटणार न्हाई.

मी म्हणलं, माझं नाव घाल.

अर्पितानं घातलं, आजी असं. बघितलं तर शब्द आधीच बोलून ठेवलेला होता.

१९ मार्च, बुधवार

आता डबा म्हणतो, आजी, आजी. आधीचा मला बोलावतो अन् नंतरचा नाव सांगतो, कोण आहे ते.

आज पहिल्यांदा ओ म्हणले. वैतागूनच म्हणले. सासूबाईंची आठवण झाली, पण नंदूचा निळा चेहरा त्याहून जवळचा. ओ म्हणले अन् डबा गप झाला, अन् मला वाटलं मागच्या अंगणात बी काहीतरी गप झालं. उठून मागच्या दाराशी गेले. ऊन. दगड. निंबाची पानं हलत नव्हती. कुणी न्हाई. जरा उभी राहिले अन् आले.

नंदूनं आज माझी नथ ओढली. सांगायचं राहिलंच होतं.

२१ मार्च, शुक्रवार

भाकर अर्धी थापली होती. परातीत, अर्धीच, मला पक्कं आठवतं. डबा म्हणला, आजी, आजी. गाठ मारली, ओ म्हणले, मागच्या दाराशी जाऊन आले. येऊन बघते तर भाकर तव्यावर. फुगलेली.

अर्पिता पाणी प्यायला खाली आल्ती, तिला विचारलं, तू टाकली का गं. ती म्हणली, मला कुठं येते, तुम्हीच तर थापून राह्यल्या होत्या आता, मी बघत उभी होते.

पदर चाचपला. गाठ नव्हती. म्हणजे मी परत येऊन सोडली. म्हणजे मी परत आले होते. पण मी तर आता येऊन राह्यले.

वय झालं, दुसरं काय.

२४ मार्च, सोमवार

तेच झालं. या वेळी नंदू. ती कुरकुरून राह्यली होती, मी दोरी ओढत होते, तेवढ्यात हाक. गाठ घट्ट मारली, दोन वेळा, मुद्दाम. ओ म्हणले, मागच्या दारापर्यंत पाऊलभर गेले अन् वळले. आत आले तर नंदू झोपलेली. चादर नीट. दोरी अजून हलत होती.

गाठ न्हाई.

हरिओमला सांगितलं. तो म्हणला, माय, तू दमलीस, नवी तार आणली की हे हाकांचं झंझट संपलंच. कधी आणतो? मार्च महिना आहे म्हणे, कंपनीचा हिशोब आहे. अर्पिताला सांगितलं, ती म्हणली, आई, लिहून ठेवा, मी वाचते. तिनं अजून एक पान वाचलेलं न्हाई. सवडीचं काम पडूनच राहतं. दोष तिचा न्हाई. मी जन्मभर एवढी बोलले की आता कामाचं बोलले तरी घरात गप्पाच वाटतात. याचा मला इतका राग येऊन राह्यला आहे, पण राग कुणावर काढू.

२६ मार्च, बुधवार

आज ओ द्यायची न्हाई ठरवलं. पाळण्यापाशीच बसले. डबा, आजी, आजी. बसले. आजी, आजी. बसले. अर्पिता वरून ओरडली, आई, ओ म्हणा ना, तार तुटेल, नंदूची तार आहे ती.

म्हणले.

मी जागची उठले न्हाई. शपथ सांगते, उठले न्हाई. पण पायाखाली फरशी नव्हती, तापलेली माती होती. मी धुण्याच्या दगडापाशी उभी होते. धावत आत गेले. मी पाळण्यापाशी बसलेली नव्हते, पण खाली बसायची जागा गरम होती.

प्रेमलानं सांगितलेलं डोक्यातून जाईना. बोलावलं की यायच्या, आपणहून शब्द न्हाई.

२८ मार्च, शुक्रवार

आतून गाणं येऊन राह्यलं. माझं गाणं, माझ्या आवाजात. नंदूला म्हणते ते.

मी बाहेर आहे. ओ दिली होती, हो, दिली होती. दार आतून लावलेलं. खिडकीतून बघितलं. माझी पाठ. माझं हिरवं लुगडं. दोरीवर माझा हात, त्यातली काचेची बांगडी टिचलेली, ती बी तशीच.

तिच्या पदराला गाठ न्हाई. सोडली तिनं. ती परत आली, जिथं मी थांबले होते हुबेहूब तिथून पुढं. मी काच वाजवली. नंदूनं माझ्याकडं बघितलं. ती हसली. खरंच हसली, पंख्याकडं न्हाई.

आतली बाई वळली न्हाई.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. मी भिंतीच्या कडेनं पुढं येऊन बघितली. हरिओम तिच्या पाया पडला. तिनं डोक्यावर हात ठेवला. काही बोलली न्हाई. मी असते तर—

प्रेमला कडुनिंबाचा पाला न्यायला आली. माझ्यातून हात घालून पाला तोडला.

हरिओम म्हणून राह्यला होता, माय आता लई शांत झाली, वैतागत न्हाई, सगळं टाईमावर. खूश होता. अर्पितानं मात्र त्या बाईकडं जरा जास्त वेळ बघितलं.

वही एवढी राहिली. कमरेला होती म्हणून.

सोमवार असंल

कळलं. मी बोलावत न्हाई. नुसती नंदूची आठवण आली की निंबाखालची तार थरथरते. आत डबा म्हणतो, आजी, आजी. मला इथं ऐकू येतं.

म्हणजे तीसुद्धा बोलावत नव्हती. सोनूबाई. तिला बी नातू होता. ती बी इथंच उभी राहून नुसती—

आतली ओ देत न्हाई. तिला माहीत आहे.

नंतर

आतलीनं न बोलता, नुसतं बोट दाखवून, अर्पिताकडून यादीतलं आजी हे नाव काढून घेतलं. आता डबा नुसतं म्हणतो, आजी. पुढं काही न्हाई.

कुणीच माझी म्हणत न्हाई.

दुपार

हरिओमनं नवी तार आणली. आणली एकदाची. आज पाळण्याला लावतील अन् ही जुनी तोडतील. मंग मी कितीबी आठवण काढली तरी—

बरंच आहे. नंदूची तार चांगली राहील. तेवढं पाहिजे होतं मला.

पण एक गोष्ट मनात येऊन राह्यली अन् ती मला लिहायची न्हाई. तार तुटायच्या आत कुणी ओ दिली तर. एकदाच. मी आत जाईन. माझ्या नंदूपाशी. अन् जी ओ देईल ती इथं, दगडापाशी.

आतली देणार न्हाई. हरिओम शिडी आणायला गेला. घरात उरली कोण.

न्हाई. आठवण काढायची न्हाई. कारल्याचं आठवते. हरिओमला लहानपणापासून कारलं आवडत न्हाई, मी गूळ घालून, चिंच घालून, तरी ताटात तसंच, अन् मंग एकदा—

नंदू रडली.

काढली न्हाई मी आठवण, आली ती.

डबा बोलला. मी ऐकलं.

मागचं दार उघडलं. अर्पिता. हातात नवी तार. इकडं बघते, निंबाकडं, दगडाकडं. तिला कळलंय काहीतरी, आतल्या गप बाईला बघून कळलंय तिला. तिनं लेकरू पाळण्यात ठेवलं अन् येताना ओढणीला गाठ मारली. माझंच शिकली.

अर्पिता, मागं जा. वही दगडावर ठेवते, ती घे, वाच, सवडीनं न्हाई, आताच. गाठ सोड अन् आत जा. ती गाठ दुसरी कुणी सोडील बाई. मी तुला बोलावलं न्हाई. माझ्याकडं तोंड करून ओ द्यायला ओठ असे गोल करू नको, ही हाक न्हाई, मी नुसती आठवण काढून राह्यले, ही हाक न्—